गोल्फच्या चेंडूवरील खळगे



मागील केंद्र-परिषदेत मी एक पांढरा, कठीण, मोठ्या लिंबाएवढा चेंडू हातोहात फिरविला आणि एवढेच विचारले की, याच्या अंगावर हे खळगे कशासाठी असावेत? उत्तरे मोकळेपणाने आली. कोणी म्हणाले, शोभेसाठी. कोणी म्हणाले, हातातून निसटू नये म्हणून. एका बाईंनी, चेंडू गवतावर फार घरंगळू नये म्हणून, असे सांगितले. विज्ञान शिकविणाऱ्या एका गुरुजींनी मात्र उत्तर न देता शंका काढली. खडबडीत पृष्ठभागास घर्षण अधिक, असे आपण मुलांस शिकवितो. मग जो चेंडू हवेतून दूर जावयास हवा, तोच मुद्दाम खडबडीत करणे हे शास्त्राच्या उलट नव्हे काय? मला ही शंका सर्व उत्तरांहून मोलाची वाटली. त्या दिवशी वेळ संपल्यामुळे तिचे उत्तर राहून गेले. ते आज देत आहे. याच विषयाचा पाठ घेताना माझ्या हातून पूर्वी एक मोठी चूक झाली होती. तीही सांगावयाची आहे, कारण ती चूक आपल्यापैकी कोणाच्याही हातून होण्यासारखी आहे.

गोल्फ हा खेळ आपल्या खेड्यांतील मुलांनी क्वचितच पाहिलेला असतो. विस्तीर्ण हिरव्या मैदानावर लांब दांड्याच्या काठीने लहानसा चेंडू टोलवीत टोलवीत दूरच्या एका खळीत घालावयाचा, आणि ते कमीत कमी टोल्यांत साधावयाचे, असा हा खेळ. पुण्यास येरवड्याला त्याचे मैदान आहे. पुण्याचे उदयन माने हे टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, भारतातर्फे हा खेळ खेळले, हे मुलांस सांगितल्यास खेळ थोडा जवळचा वाटतो. चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमहून अधिक नसावे आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी नसावा, असा नियम आहे. खळग्यांची संख्या मात्र नियमाने ठरविलेली नाही. ती बहुधा ३०० ते ५०० यांच्या दरम्यान असते, आणि प्रत्येक खळगा जेमतेम पाव मिलिमीटर खोल असतो. चेंडू मिळाल्यास प्रत्येक खळग्यात शाईचा ठिपका देत मोजणी करावयास मुलांस सांगावे. ठिपका न देता मोजू लागले की दोघांची मोजणी कधीच जुळत नाही, आणि तोही एक पाठच होतो.

आता शंकेकडे वळू. हवेतून जाणाऱ्या वस्तूस हवा दोन प्रकारे अडविते. एक प्रकार घर्षणाचा. हवा वस्तूच्या अंगाला घासते. दुसरा प्रकार दाबाचा; वस्तूच्या पुढे हवा दाटते, मागे ती विरळ दाबाची राहते, आणि या दोन दाबांच्या फरकामुळे वस्तू मागे ओढली जाते. सुईसारख्या बारीक, लांबट वस्तूस पहिला अवरोध महत्त्वाचा. चेंडूसारख्या वाटोळ्या वस्तूस मात्र दुसराच मुख्य असतो. घर्षणाचा वाटा त्याच्यापुढे अगदी थोडा. आपल्या पाठ्यपुस्तकांतील घर्षणाचा धडा खोटा नाही, परंतु तो ज्या अवरोधाविषयी बोलतो तो चेंडूचा खरा शत्रू नव्हे. गुरुजींच्या शंकेचे अर्धे उत्तर येथेच आहे.

उरलेले अर्धे उत्तर पाहावयाचे असेल, तर पावसाळ्यात पंचगंगेवरील शिवाजी पुलावर उभे राहावे. पाणी पुलाच्या दगडी खांबावर येऊन दुभंगते, दोन्ही बाजूंनी वेगाने जाते, आणि खांबाच्या मागे लगेच मिळत नाही. तेथे काही अंतरापर्यंत एक सुस्त, गरगरणारे पाणी राहते. वाहून आलेली जलपर्णी त्यात सापडली की पुढे न जाता तेथेच फिरत बसते. प्रत्येक गावच्या ओढ्यात, कालव्याच्या मोरीपाशी हे दिसते. त्यासाठी कोल्हापुरास येण्याचे कारण नाही. खांबामागील या गरगरत्या पट्ट्यास आपण ‘मागची पोकळी’ म्हणू. हा पट्टा जितका रुंद, तितकी प्रवाहाची खांबावरील ओढ अधिक. येथे खांब उभा आहे व पाणी वाहते आहे. चेंडूच्या बाबतीत हवा उभी आहे व चेंडू धावतो आहे. हिशेब एकच.

म्हणजे प्रश्न असा झाला की, चेंडूमागची पोकळी अरुंद कशी करावी? त्यासाठी हवेने चेंडूचे अंग सोडण्याची घाई करू नये, ती मागच्या बाजूपर्यंत अंगाला चिकटून यावी, हे साधले पाहिजे. चेंडूच्या अंगालगत हवेचा एक अतिशय पातळ थर असतो. अंगाला टेकलेली हवा चेंडूबरोबरच जाते, तिच्यावरची हवा थोडी सरकते, त्यावरची अधिक. या थराचे महत्त्व जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रान्टल यांनी १९०४ साली प्रथम स्पष्ट केले. त्यास सीमास्तर असे नाव आहे. मुलांस ‘अंगालगतचा थर’ म्हटले तरी पुरे. चेंडूच्या पुढील अर्ध्या भागावरून येताना या थरास वाट उताराची असते, कारण दाब कमी कमी होत जातो. मागील अर्ध्यावर दाब पुन्हा वाढू लागतो, म्हणजे चढ लागतो. घर्षणाने आधीच दमलेला हा थर चढावर थांबतो, आणि मग सारा प्रवाहच अंग सोडून बाजूला निघून जातो. गुळगुळीत चेंडूवर हे फार लवकर घडते; चेंडूच्या तोंडापासून मोजल्यास सुमारे ८० अंशांवर, म्हणजे मध्यही येण्यापूर्वी.

उसाने भरलेली गाडी चढाला लागली आणि बैल अडले, म्हणजे काय होते ते आपली मुले जाणतात. रस्त्याने जाणारी चार माणसे मागून हात लावतात आणि गाडी माथ्याला जाते. खळग्यांचे काम नेमके हेच आहे. खळग्यांवरून जाताना अंगालगतचा थर खवळतो, त्यात बारीक भोवरे उठतात, आणि वरची ताजी, वेगवान हवा सतत खाली येऊन दमलेल्या हवेस हात लावते. असा खवळलेला थर चढ पुष्कळ दूरवर चढतो. तो सुमारे ११० अंशांपर्यंत अंगाला धरून राहतो आणि मागची पोकळी अरुंद होते. घर्षण किंचित वाढते हे खरे. परंतु ते वाढते आण्याने, आणि दाबाचा अवरोध घटतो रुपयाने. एकूण अवरोध जवळजवळ निम्म्यावर येतो. कसलेल्या खेळाडूने मारलेला खळग्यांचा चेंडू अडीचशे मीटर जात असेल, तर त्याच टोल्याने गुळगुळीत चेंडू त्याच्या निम्म्याच्या आसपासच पोहोचतो.

याखेरीज खळग्यांचा आणखी एक उपयोग आहे. काठीच्या तिरप्या पात्याने चेंडू उलटा फिरत सुटतो, मिनिटास दोन-अडीच हजार फेरे घेत. फिरणाऱ्या चेंडूच्या वरची हवा खालच्या बाजूस लोटली जाते व चेंडू उचलला जातो. खळग्यांमुळे ही उचल चांगली मिळते. क्रिकेटमधील फिरकीच्या चेंडूचे हवेत वळणे याच जातीचे आहे. येथे त्याचा विस्तार करीत नाही.

हे खळगे कोणा पंडिताने गणित करून काढलेले नाहीत, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. जुन्या काळी हा चेंडू चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून करीत. तो महाग असे आणि पावसात भिजला की निकामी होई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, १८४८ सालच्या सुमारास, गटापर्चाचे चेंडू आले. गटापर्चा हा मलायातील एका झाडाचा चीक. हे झाड आपल्या मोहाच्या आणि चिक्कूच्या कुळातले. नवे चेंडू स्वस्त होते, सुबक गुळगुळीत होते, आणि हवेत जाऊन भसकन खाली पडत! पुढे खेळणाऱ्यांच्या ध्यानात आले की, टोले खाऊन खाऊन ओरखडलेला जुना चेंडू नव्याहून चांगला जातो. तेव्हा कारागीर नव्या चेंडूवर हातोडीने मुद्दाम खुणा पाडू लागले. नंतर तुतीच्या फळासारखे उंचवटे असलेले चेंडू साच्यातून निघू लागले. इंग्लंडमधील लेस्टरचे विल्यम टेलर यांनी १९०५ साली उंचवट्यांच्या जागी खळगे पाडण्याचे पेटंट घेतले. कारण ठाऊक होण्यापूर्वी गुण ठाऊक झाला होता. मैदानावर चेंडू गोळा करणाऱ्या पोरांनाही जे दिसत होते, त्याची उपपत्ती लागावयास अर्धे शतक लोटले.

आता माझी चूक. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका डोंगरी तालुक्यातील शाळेत सहशिक्षक होतो. गटातील शिक्षकांसमोर आदर्श पाठ देण्याची पाळी माझ्यावर आली. कोठल्याशा मासिकात मी या खळग्यांविषयी चार ओळी वाचल्या होत्या आणि त्यांवर पाठ रचण्याची हौस मला आली. गोल्फचा चेंडू मिळणे शक्य नव्हते. म्हणून बाजारातून रबराचे दोन सारखे चेंडू आणले आणि एकावर तापविलेल्या दाभणाने खळगे पाडले. मुलांना आधी सारे शास्त्र सांगितले, मग मैदानावर नेले, आणि दोन्ही चेंडू आळीपाळीने फेकावयास लावून पावलांनी अंतर मोजविले. खळग्यांचा चेंडू दूर गेला नाही. पुष्कळदा तर तो अलीकडेच पडला. भोवती पाहुणे शिक्षक उभे होते. मी म्हणालो, “वारा आडवा आहे, पण एरवी हा चेंडू दूर जातो,” आणि मुलांना वर्गात नेऊन वहीत लिहावयास सांगितले की, खळग्यांचा चेंडू अधिक दूर गेला.

सर्वांनी तसे लिहिले. एका मुलीने मात्र मोजलेली पावले जशीच्या तशी मांडली होती आणि खाली लिहिले होते, ‘खळग्यांचा चेंडू दूर गेला नाही.’ वह्या तपासताना मी त्या वाक्यावर तांबडी रेघ ओढली.

मुलीचे वाक्य बरोबर होते, आणि शास्त्रही बरोबर होते. चुकला होता तो मी, कारण शास्त्र कोठे लागू पडते याचा विचार मी केला नव्हता. अंगालगतचा थर आपोआप खवळतो तो एका ठरावीक वेगानंतर. गोल्फच्या आकाराच्या अगदी गुळगुळीत चेंडूच्या बाबतीत हा वेग ताशी सुमारे ३८० किलोमीटर येतो, आणि उत्तम खेळाडूच्या टोल्यानेही चेंडू ताशी २७० किलोमीटरच्या आसपास सुटतो. म्हणजे गुळगुळीत चेंडू तेथवर पोहोचतच नाही. खळगे हा उंबरठा खाली आणतात, ताशी ५० ते ७५ किलोमीटरपर्यंत. म्हणून गोल्फच्या मैदानावर त्यांचा उपयोग होतो. सातवीतील मुलाच्या हातून चेंडू सुटतो तो ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने. त्या वेगात दाभणाच्या ओबडधोबड खळग्यांनी परिणाम झाला तर नुकता कोठे सुरू व्हावयाचा. त्यातून अंतर पंधरा-वीस मीटरांचे. एवढ्या पल्ल्यात हवेच्या अवरोधाने पडणारा फरक लहान, आणि एका फेकीत व दुसऱ्या फेकीत हाताच्या जोराने पडणारा फरक त्याहून कितीतरी मोठा. तो प्रयोग सिद्ध होणे शक्यच नव्हते.

हे मला पुढे काही वर्षांनी समजले, आणि तेही एका जुन्या वादाची हकीकत वाचताना. पॅरिसचा उंच मनोरा ज्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे, ते गुस्ताव्ह आयफेल उतारवयात हवेच्या अवरोधाचे प्रयोग करीत असत. गोलास होणारा अवरोध त्यांनी मोजला, तो जर्मनीतील गटिंगेनच्या प्रयोगशाळेने काढलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी आला. कोणी तरी चुकले आहे असे वाटणे साहजिक होते. आयफेल यांनी १९१२ साली दाखवून दिले की, विशिष्ट वेगाच्या पलीकडे गोलाचा अवरोध एकदम घसरतो. एकाचे मोजमाप त्या वेगाच्या अलीकडचे होते आणि दुसऱ्याचे पलीकडचे. दोघेही खरे होते. १९१४ साली प्रान्टल यांनी गुळगुळीत गोलाच्या पुढच्या भागावर बारीक तारेचे एक कडे बसविले आणि कमी वेगातही अवरोध घसरतो हे सिद्ध केले. ते तारेचे कडे म्हणजे खळग्यांचेच भावंड. हे वाचीत असताना माझ्या डोळ्यांपुढे ती तांबडी रेघ आली. तोपर्यंत ती मुलगी सातवी होऊन तालुक्याच्या गावी गेली होती. वही कोठली मिळावयास!

तेव्हा हा पाठ घेणाऱ्यांनी चेंडू फेकण्याचा प्रयोग करूच नये असे मी म्हणत नाही. करावा, परंतु खळग्यांचा चेंडू दूर जाईल असे आधी सांगू नये. मोजलेले अंतर मुलांनी लिहावे, फरक आढळला नाही तर तसे लिहावे, आणि मग वेगाचा मुद्दा शिक्षकांनी पुढे आणावा.

खात्रीने साधणारा प्रयोग हवा असल्यास मेणबत्तीचा घ्यावा. टेबलावर मेणबत्ती लावून तिच्यापुढे चार बोटांवर, ज्योतीच्या उंचीची एक गोल बाटली ठेवावी आणि बाटलीच्या अलीकडून ज्योतीच्या रोखाने जोराने फुंकावे. बाटली आड असूनही ज्योत विझते, कारण हवा बाटलीच्या अंगाला धरून मागे जाते. नंतर बाटलीच्या जागी तेवढ्याच रुंदीचे पुठ्ठ्याचे पुस्तक उभे धरून फुंकावे. आता ज्योत विझत नाही. उलट ती पुस्तकाच्या बाजूस, म्हणजे फुंकणाऱ्याकडे, झुकते. मुले चकित होतात. पुस्तकाच्या मागे पोकळी झाली आहे, ती हवा आत ओढते आहे, हे त्या झुकलेल्या ज्योतीवरून डोळ्यांना दिसते. खळग्यांचा परिणाम मात्र यात दिसत नाही, आणि तो दिसतो असा आव आणू नये. प्रयोगापूर्वी दारे-खिडक्या लावाव्यात. आपल्या कित्येक शाळांच्या खिडक्यांस तावदाने नसतात, तेथे भिंतीच्या कोपऱ्यात हा प्रयोग नीट होतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील मुलांस खळग्यांचा विषय समजावण्यास गोल्फहून जवळचे साधन म्हणजे फुटबॉल. शाहू स्टेडियमवरील सामने ज्याने पाहिले नाहीत किंवा ज्याच्या घरी त्यांची चर्चा होत नाही, असे मूल शहराच्या आसपास तरी विरळाच. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळला, हे नाव मुलांना पाठ असते. २०१० साली दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकासाठी ‘जाबुलानी’ नावाचा नवा चेंडू काढला होता. जुन्या चेंडूस ३२ तुकडे असत. यास आठच, आणि तेही शिवलेले नव्हे, उष्णतेने जोडलेले. चेंडू फार गुळगुळीत झाला, आणि गोलरक्षकांनी तक्रारी केल्या की तो हवेत अकस्मात डगमगतो. फुटबॉल आकाराने मोठा, त्यामुळे गुळगुळीत असता त्याचा उंबरठा ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या घरात येतो. जोराच्या फटक्याचा चेंडू मंदावत नेमका याच वेगातून जातो. थर कधी खवळलेला, कधी शांत, अशी धरसोड तेथे होते आणि चेंडू भरकटतो. २०१४ सालच्या चेंडूस तुकडे अवघे सहा होते, परंतु त्यांच्या जोडरेषांची एकूण लांबी पुष्कळ वाढविली होती. ती शिवण म्हणजे फुटबॉलचे खळगेच. वापरून झिजलेला चेंडू आणि नवा चेंडू यांत काय फरक जाणवतो, हे गावच्या खेळाडूस वर्गात बोलावून विचारावे. तो आपल्यापेक्षा चांगले सांगेल.

हॉकीच्या चेंडूवरही पुष्कळदा खळगे असतात. तेथे हेतू वेगळा आहे. ओल्या कृत्रिम मैदानावर चेंडूखाली पाण्याचा पापुद्रा येऊन त्याचा वेग लहरी होऊ नये, यासाठी ते आहेत. खळगे दिसले की एकच कारण सांगून मोकळे होऊ नये.

पाठाच्या शेवटी विचारण्यास एक प्रश्न सुचवितो. फेब्रुवारी १९७१ मध्ये अ‍ॅलन शेपर्ड या अमेरिकन चांद्रवीराने चंद्रावर गोल्फचे दोन चेंडू मारले. तेथे त्या चेंडूंवर खळगे नसते तर ते कमी दूर गेले असते काय? उत्तर सांगण्याची घाई करू नये. एखादे मूल “चंद्रावर हवा नाही” असे म्हणेपर्यंत थांबावे, मग ती तास संपल्याची घंटा झाली तरी चालेल.

गोल्फचा एक चेंडू माझ्या कार्यालयात ठेवलेला आहे. ज्या शाळेस हवा असेल तिने केंद्रप्रमुखांमार्फत कळवावे. आठ दिवसांसाठी देता येईल. परत करताना मुलांनी केलेली खळग्यांची मोजणी सोबत पाठवावी. माझी स्वतःची मोजणी दोन वेळा निरनिराळी आली आहे.